‘प्रेसिडेंट’चे दोन आवाज : कालव्यावरच्या एका बोटीचे ध्वनिजतन

‘प्रेसिडेंट’ ही मालवाहू बोट १९०९ साली बर्मिंगहॅमच्या सॉल्टली भागातल्या गोदीत बांधली गेली. लांबी एकाहत्तर फुटांच्या आसपास, रुंदी जेमतेम ७ फूट. पहिली सोळा वर्षे ती वाफेवर चालली. १९२५ साली तिचे वाफेचे इंजिन आणि बॉयलर काढून त्या जागी १५ अश्वशक्तीचे बोलिंडर हे स्वीडिश तेल-इंजिन बसवले गेले. माल वाहण्याची पुढची कित्येक वर्षे तिने त्या इंजिनाच्या ठोक्यांवर काढली. नंतर ती कालव्याच्या देखभालीच्या कामाला लागली, मग मोडकळीस आली. १९७०च्या दशकात दोघा हौशी माणसांनी ती विकत घेऊन तिचा जीर्णोद्धार केला, तो तिला पुन्हा वाफेवर आणून. १९८३ पासून ती डडली इथल्या ब्लॅक कंट्री लिव्हिंग म्युझियमकडे आहे आणि स्वयंसेवक तिला आजही इंग्लंडच्या कालव्यांवरून फिरवतात.

या बोटीचा आवाज जपायचा म्हटले तर कोणता जपायचा? वाफेचा, म्हणजे ती जन्मली तेव्हाचा? की बोलिंडरचा, ज्या आवाजावरून कालव्याचे दरवाजे सांभाळणाऱ्या काठावरच्या लॉकवाल्यांच्या एका अख्ख्या पिढीने तिला ओळखले असेल? जुन्या बोटीचे लोखंड, लाकूड, रंग, पाटीवरची अक्षरे यांबद्दल जीर्णोद्धार करणारे बारकाईने विचार करतात. आवाजाचा विचार मात्र बहुतेक वेळा आपोआप होऊन जातो : जे इंजिन बसवले त्याचा आवाज. ‘प्रेसिडेंट’च्या बाबतीत हा निर्णय कसा झाला, त्यात काय हाती आले आणि काय सुटले, हे नीट पाहण्यासारखे आहे, कारण यंत्रांचे आवाज जपू पाहणाऱ्या कुणालाही हाच पेच पडतो.

कालवा, कंपनी आणि वाफ

इंग्लंडच्या मध्यभागातले अनेक कालवे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात खोदले गेले. जेम्स ब्रिंडली या अभियंत्याच्या काळात तिथल्या लॉकची, म्हणजे बोट वरच्या पाण्यातून खालच्या पाण्यात उतरवणाऱ्या किंवा खालून वर चढवणाऱ्या दरवाजेबंद हौदांची, रुंदी ७ फुटांच्या आसपास ठरली. त्या एका मापाने बोटींचीही रुंदी ठरवून टाकली आणि ती आजतागायत बदललेली नाही. या अरुंद बोटींना नॅरोबोट म्हणतात. शंभरावर वर्षे घोडा काठाच्या वाटेने चालायचा आणि दोराला बांधलेली बोट त्याच्या मागून यायची. कालव्याचा आवाज म्हणजे टापा, पाण्याला घासत जाणारा दोर आणि लॉकच्या दरवाजातून फुटणारे पाणी.

फेलोज, मॉर्टन अँड क्लेटन ही कंपनी १८८९ साली या नावाने उभी राहिली आणि कालव्यांवरच्या सर्वांत मोठ्या मालवाहतूकदारांमध्ये गणली गेली. तिच्या बोटींना कालव्यावरची माणसे ‘जॉशर’ म्हणत, कारण मालकांपैकी एकाचे नाव जॉशुआ फेलोज होते. कंपनीने वाफेच्या बोटी बांधल्या त्या मुख्यतः वेगवान सेवेसाठी. या सेवेला ‘फ्लाय’ म्हणत. रात्रंदिवस न थांबता, ठरलेल्या वेळापत्रकाने माल पोहोचवायचा. लंडन ते बर्मिंगहॅम हे अंतर सुमारे ५४ तासांत कापले जाई. वाफेची बोट आपल्यामागे बिनइंजिनाची दुसरी बोट ओढायची. या दुसऱ्या बोटीला ‘बटी’ म्हणतात. दोन्ही बोटींवर मिळून सात-आठ पुरुष पाळ्यांनी काम करत.

वाफेचा मोठा गुण म्हणजे शांतता. बॉयलरमध्ये कोळसा टाकणाऱ्या फावड्याचा खरखराट, मधूनच शिट्टी, बाकी इंजिनाची मऊ, एकसारखी चाल. रात्री बोट जवळ येईपर्यंत कळतही नसेल. पण बॉयलर, इंजिन आणि कोळसा मिळून मालाची मोक्याची जागा खाऊन टाकत, आणि आग सांभाळायला एक माणूस कायम लागे. टनामागे पैसे मिळणाऱ्या धंद्यात हा हिशेब फार काळ जमणारा नव्हता.

स्टॉकहोमहून आलेला ठोका

स्टॉकहोममधली बोलिंडर कंपनी १८४४ साली दोघा बोलिंडर भावांनी काढली. तिची जहाजांसाठीची तेल-इंजिने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जगभर मासेमारीच्या बोटींवर गेली. फेलोज, मॉर्टन अँड क्लेटनने १९१२ साली आपल्या ‘लिंडा’ या बोटीवर १५ अश्वशक्तीचे बोलिंडर बसवून पाहिले, आणि मग कंपनीच्या ताफ्यात एकेक बोट त्याच वाटेने गेली. नव्या बोटी बोलिंडर घालूनच बांधल्या जाऊ लागल्या, जुन्या वाफेच्या बोटी बदलून घेतल्या गेल्या. ‘प्रेसिडेंट’ची पाळी १९२५ ला आली. बॉयलर गेल्यामुळे जागा मोकळी झाली, काही टन माल जास्त मावू लागला, आगवाल्याची गरज संपली. पुरुषांच्या मोठ्या टोळीऐवजी एक कुटुंब दोन बोटी चालवू शकू लागले : नवरा इंजिनाच्या बोटीवर, बायको-मुले मागच्या बटीवर.

आवाज जपायचा तर आधी तो होतो कसा हे कळले पाहिजे, म्हणून बोलिंडरबद्दल सविस्तर सांगतो.

हे पूर्ण अर्थाने डिझेल इंजिन नव्हे. डिझेलमध्ये हवा इतकी दाबली जाते की तेल आपोआप पेटते. बोलिंडरमध्ये तेवढा दाब नसतो. सिलिंडरच्या डोक्यावर लोखंडाचा एक पोकळ गोळा असतो. तो बाहेरून तापवून लाल करायचा, मग आत फवारलेले तेल त्या तापलेल्या भिंतीवर पेटते. ही मूळ कल्पना इंग्लंडमधल्या हर्बर्ट अ‍ॅक्रॉइड स्टुअर्टची, १८९०च्या सुमाराची. एकदा इंजिन चालले की गोळा स्वतःच्याच स्फोटांनी तापलेला राहतो.

म्हणजे बोलिंडरचा पहिला आवाज ठोक्याचा नसतोच. तो ब्लोलॅम्पचा, म्हणजे गोळा तापवणाऱ्या ज्योतीच्या दिव्याचा असतो, रॉकेलच्या स्टोव्हला पंप मारल्यावर येतो तसा सलग फरफराट, आणि तो दहा-पंधरा मिनिटे चालतो. कालव्याकाठची पहाट त्या फरफराटाने सुरू होत असे. गोळा पुरेसा तापला की हाताने पंप दाबून तेलाचा एक फवारा आत सोडायचा. जाडजूड फ्लायव्हीलच्या कडेला स्प्रिंगवर बसवलेली एक खुंटी असते. ती बाहेर काढून, तिच्यावर पाय देऊन चाकाला दाबाविरुद्ध हिसका द्यायचा. आत स्फोट होतो, चाक उलट उसळते आणि फिरू लागते. खुंटी वेळेवर आत गेली नाही किंवा पाय वेळेवर निघाला नाही तर नडगी मोडायची. हा हिसका, त्यानंतरचा एक क्षण आणि पहिला दणका मिळून इंजिनाच्या आवाजाचा दुसरा भाग होतो.

तिसरा भाग म्हणजे मोकळे चालणे. भार नसताना गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग आवरणारा भाग, अधूनमधून तेलाचा फवारा वगळतो. ठोके एका लयीत पडत नाहीत. ठप्, ठप्-ठप्, मग एवढी मोठी उसंत की नवख्याला वाटावे इंजिन बंद पडले, आणि पुन्हा ठप्. भार आला की उसंती भरून निघतात. हे दोन धावांचे एकच सिलिंडर असल्यामुळे चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट होतो आणि आवाज खोल, भरीव, सलग होतो.

चौथा भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो. जुन्या बोलिंडरना मागे जाण्यासाठी वेगळा गिअर नव्हता. मागे जायचे तर अख्खे इंजिनच उलट फिरवायचे. चालकाने क्लच सोडायचा, इंजिन मंद मंद होत मरणाच्या टोकाला येऊ द्यायचे, आणि नेमक्या घडीला दांडा ओढून तेलाचा फवारा लवकर आत जाऊ द्यायचा. वर चढणारा दट्ट्या मध्येच स्फोट होऊन मागे ढकलला जातो आणि इंजिन उलट्या दिशेने चालू पडते. ऐकणाऱ्याला ठोके विरळ होत जाताना ऐकू येतात, मग एक धापदार, अडखळता दणका, आणि पुन्हा चाल. ही घडी चालक ओळखायचा ती डोळ्यांनी नव्हे, कानांनी. चुकला तर वीस-पंचवीस टन माल घेऊन बोट लॉकच्या दरवाजावर आदळणार. बोलिंडरचा आवाज म्हणजे त्या बोटवाल्याच्या हातातले उपकरण होते, त्याचा गेज होता. गोळा गार पडत चालला आहे का, तेल जास्त जाते आहे का, बोट गाळाला घासते आहे का, हे सगळे तो ठोक्यांवरून ताडत असे. म्हणूनच या आवाजाकडे जुन्या काळाची गोड आठवण म्हणून पाहणे मला अपुरे वाटते. ते ज्ञान होते, आणि ते बहुतांशी लिहिले गेले नाही. बोटींवर वाढलेल्या मुलांना सलग शाळा मिळत नसे आणि कालव्यावरच्या पुष्कळ माणसांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांचे जे होते ते ऐकण्यात आणि सांगण्यात होते.

जीर्णोद्धाराचा निर्णय

१९४८ च्या १ जानेवारीला ब्रिटनचे बहुतेक कालवे सरकारी मालकीचे झाले आणि फेलोज, मॉर्टन अँड क्लेटनचा कारभारही त्याच सुमारास आटोपला. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठून राहिले आणि उरलीसुरली वाहतूक जवळपास मोडून पडली. लांब पल्ल्याची शेवटची नियमित कोळसा वाहतूक, अ‍ॅदरस्टोनहून साउथॉलच्या जॅमच्या कारखान्यापर्यंतची, १९७० च्या ऑक्टोबरात थांबली.

म्हणजे ‘प्रेसिडेंट’ विकत घेतली गेली तेव्हा कालव्यावरची कामकाजी दुनिया संपून फारशी वर्षे झाली नव्हती. बोलिंडर चालवलेली माणसे हयात होती. बोलिंडर असलेल्या बोटीही हौशी लोकांकडे होत्या. अरुंद कालव्यांवरची वाफ मात्र जवळपास पूर्ण नाहीशी झाली होती. जीर्णोद्धार करणाऱ्यांनी वाफ निवडली त्यामागे हे कारण माझ्या मते सर्वांत भक्कम आहे. जे कुठेच ऐकू येत नाही ते आधी परत आणावे. शिवाय बोटीचा सांगाडाही वाफेसाठीच घडवलेला होता.

पण किंमत मोजावी लागलीच. १९२५ साली काढलेले मूळ वाफेचे इंजिन परत येणे शक्य नव्हते, दुसरे बसवावे लागले. आज ‘प्रेसिडेंट’वर जो आवाज ऐकू येतो तो १९०९ च्या जातीचा आहे, १९०९ चा नाही. हा भेद नोंदवून ठेवला तर त्यात कमीपणा काहीच नाही. बहुतेक जतनाची हीच स्थिती असते. भेद पुसला गेला तर मात्र शंभर वर्षांनी कुणी ते ध्वनिमुद्रण ऐकून चुकीचा इतिहास लिहील. आणि दुसरी किंमत म्हणजे तिचा बोलिंडर-काळ आता तिच्या अंगावर ऐकू येत नाही. तो फक्त कागदावर आहे.

एका बोटीला एकाच वेळी दोन आवाज देता येत नाहीत. हे मान्य केले की दुसरा आवाज कुठून आणि कसा जपायचा, एवढेच ठरवायचे उरते.

दुसरा आवाज कुठे आहे

तो सुदैवाने जिवंत आहे. फेलोज, मॉर्टन अँड क्लेटनच्या काही बोटी आजही बोलिंडरवर चालतात. नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या ब्रॉन्स्टन गावी दर जूनमध्ये जुन्या मालवाहू बोटींचा मेळावा भरतो. तिथे बोलिंडर, नॅशनल, रसेल न्यूबेरी, लिस्टर, गार्डनर, केल्व्हिन अशी निरनिराळी इंजिने एकामागून एक ऐकू येतात. एल्समिअर पोर्टच्या नॅशनल वॉटरवेज म्युझियममध्ये बोटींबरोबर इंजिनेही जपली आहेत. पॉइंटन इथल्या अँसन इंजिन म्युझियममध्ये इंजिने चालवून दाखवली जातात. आणि मालकांच्या संघटना आपापल्या इंजिनांच्या नोंदी ठेवतात.

मग अडचण काय? अडचण अशी की आज ऐकू येणारा बोलिंडर बहुतेक वेळा रिकाम्या बोटीतला असतो. मेळाव्यात बोटी माल घेऊन येत नाहीत, निदान पूर्ण भाराने तरी नाही. कालव्यांमध्ये गाळ साचल्यामुळे पूर्ण भरलेली बोट अनेक ठिकाणी चालवणेही जड जाते. काही बोटी आजही कोळसा आणि डिझेल विकत कालव्यांवरून फिरतात, पण त्या थोड्या. रिकाम्या बोटीतला बोलिंडर आपल्याला आवडतो तो त्याच्या अनियमित, उसंती घेत पडणाऱ्या ठोक्यांसाठी. हौशी ध्वनिमुद्रणांमध्येही तोच सापडतो. प्रत्यक्षात कंपनीच्या बोटी दिवसभर जे ऐकवत ते बहुतांशी दुसरेच होते : दोन बोटींचा भार ओढणारा, न चुकणारा, दमदार सलग ठोका. उसंती फक्त लॉकपाशी, वाट बघताना. आपण आज बोलिंडरच्या विश्रांतीचा आवाज जपतो आहोत आणि त्यालाच त्याचा आवाज समजतो आहोत, अशी मला खरोखर काळजी वाटते.

वेळेचेही तसेच. ‘फ्लाय’ बोटी रात्रभर धावत. आज काठाला बांधून ठेवलेल्या बोटीचे इंजिन रात्री आठ ते सकाळी आठ चालवू नये असा संकेत आहे आणि काठावर राहणाऱ्यांच्या झोपेचा विचार करता तो योग्यच आहे. पण पहाटे चारच्या थंड, स्थिर हवेत ब्लोलॅम्पच्या फरफराटानंतर उठणारा पहिला दणका किती दूर जात असेल, हे आता ठरवून, परवानगी काढूनच ऐकावे लागेल.

ध्वनिमुद्रण करायचे तर

आगगाडीच्या बाबतीत ब्रिटनमध्ये हे काम वेळेवर सुरू झाले. पीटर हँडफोर्ड या ध्वनिमुद्रकाने १९५०च्या दशकात वाफेच्या इंजिनांचे आवाज चिकाटीने टिपले आणि त्यांच्या तबकड्या निघाल्या. त्या ऐकताना जाणवते की तो नुसते इंजिन टिपत नव्हता. चढ, बोगदा, थंड रात्र, दूरचे सिग्नल, सगळी जागा त्या मुद्रणात आहे. कालव्याच्या इंजिनासाठी हाच धडा घ्यावा असे मला वाटते.

‘प्रेसिडेंट’च्या दुसऱ्या आवाजासाठी माझी सूचना अशी : फेलोज, मॉर्टन अँड क्लेटनचीच, १५ अश्वशक्तीचे बोलिंडर असलेली बोट घ्यावी. तिच्यात माल भरावा, निदान वजनासाठी वाळूच्या गोण्या तरी. मागे बटी बांधावी. आणि गार गोळ्यापासून इंजिन बंद होईपर्यंतचा अख्खा क्रम, मध्ये न कापता, टिपावा.

मायक्रोफोन कुठे ठेवायचा यावर आवाजाचा अर्थ बदलतो. इंजिनखोलीत ठेवला तर गव्हर्नरची खटखट, पंपाचा टिकटिकाट, धातूची घासणी ऐकू येते. ती पुढच्या मेकॅनिकला उपयोगी. पण बोटवाला तिथे उभा नसे. तो मागच्या छोट्या केबिनच्या दारात, सुकाणूचा दांडा पाठीशी धरून उभा असे आणि इंजिनाचे धुराडे त्याच्या पुढे, छतावर काही फुटांवर असे. त्याच्या कानाच्या उंचीवर एक मायक्रोफोन हवाच. दुसरा काठावर एका जागी स्थिर, जवळ येणारी, समोरून जाणारी आणि लांब जाणारी बोट टिपायला. लॉकवाल्याने तिला तसेच ऐकले. आणि एक, ज्याचा विचार सहसा होत नाही, मागच्या बटीवर. मोकळ्या पाण्यात बटी लांब दोराने ओढली जाई, सत्तर फुटांच्या आसपास. बटीच्या सुकाणूवर बहुतेक वेळा बाई असे. पुढे वळणापलीकडे नवऱ्याने बोट मंद केली की तिला आधी कळायचे ते आवाजावरून असणार, नाहीतर जड बटी पुढच्या बोटीवर चढायची. कालव्याच्या इतिहासात बायकांच्या श्रमांची नोंद तशीही कमी आहे. त्यांच्या उभे राहण्याच्या जागेवरून घेतलेले मुद्रण हा त्या इतिहासाचा छोटा पण खरा तुकडा ठरेल.

बोगदा वेगळा हवा. ब्लिसवर्थचा बोगदा १८०५ साली खुला झाला. त्याची लांबी ३,०७६ यार्ड, म्हणजे २.८ किलोमीटरच्या आसपास. विटांच्या त्या नळीत प्रत्येक ठोका पुढच्या ठोक्यावर जाऊन पडतो आणि मध्येच हवेसाठी काढलेल्या उभ्या विहिरीखाली क्षणभर मोकळा होतो. हा परिणाम स्टुडिओत नंतर चढवता येत नाही.

तांत्रिक बाबी थोडक्यात. फोनवर टिपले तर फोन आपणहून बारीक आवाज मोठा आणि मोठा आवाज बारीक करतो. त्यामुळे ठोका आणि उसंत यांतला फरकच सपाट होतो, आणि बोलिंडरचा जीव त्या फरकात आहे. आवाजाची पातळी हाताने ठरवावी आणि पहिल्या दणक्यासाठी वर भरपूर जागा सोडावी. मुद्रण २४ बिट, ४८ किंवा ९६ किलोहर्ट्झवर, न दाबलेल्या वेव्ह फाइलमध्ये ठेवावे. पाण्याची खळखळ, बदके, काठावरचे बोलणे गोंगाट म्हणून पुसू नये. निदान मूळ प्रतीतून तरी नाही.

आणि प्रत्येक मुद्रणाबरोबर कागद हवा : इंजिनाचा क्रमांक, बांधणीचे साल, कोणते भाग मूळ आणि कोणते नव्याने ओतलेले, धुराड्याची उंची, बोट पुढे ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याचे माप, तेल कोणते वापरले, बोटीत भार किती, कालव्याचा कोणता टप्पा, हवा कशी होती, इंजिन कोणी चालवले. दट्ट्या नवा बसवला किंवा धुराडे वीतभर कमी केले तरी ठोका बदलतो. कागद नसेल तर पन्नास वर्षांनी हे मुद्रण म्हणजे कुठल्यातरी इंजिनाची ठपठप एवढेच उरेल. म्हणूनच ज्याने इंजिन चालवले त्याला ते मुद्रण पुन्हा ऐकवून, ऐकता ऐकता बोलते करावे : ‘इथे मी दांडा का ओढला’, ‘इथे गोळा गार वाटला’. युरोपातल्या सहा संग्रहालयांनी २०१३ ते २०१५ या काळात मिळून ‘वर्क विथ साउंड्स’ हा उपक्रम केला आणि नाहीशा होत चाललेल्या कामाच्या ठिकाणचे सहाशेहून अधिक आवाज टिपले, तेही काम करणाऱ्या माणसासकट आणि वापरासाठी खुले ठेवून. कालव्यासाठी हाच नमुना मला योग्य वाटतो.

एक गोष्ट मात्र कोणत्याही मुद्रणाने भागत नाही. बोलिंडर उलटा फिरवण्याची घडी ऐकून कळते, पण शिकता येते ती चालवूनच. आज ती येणारी माणसे मोजकी आहेत आणि त्यांतली बरीच उतारवयाची. इंजिन काचेमागे ठेवले तर धातू टिकतो आणि कसब मरते. रोज चालवले तर कसब टिकते आणि शंभर वर्षांचा धातू झिजतो. माझा कल चालवण्याकडे आहे. झिजणारे भाग नव्याने घडवावेत, मूळ भाग चिठ्ठी लावून बाजूला ठेवावेत, आणि दर वर्षी निदान एका तरुणाला तापल्या गोळ्यापाशी उभे करावे.

ठेवायचे कुठे

ब्रिटिश लायब्ररीने २०१७ ते २०२२ या काळात देशभरातली जुनी, धोक्यात आलेली ध्वनिमुद्रणे डिजिटल करण्याचे प्रचंड काम हाती घेतले. चुंबकीय फिती खराब होत चालल्या होत्या आणि त्या वाजवणारी यंत्रेही दुर्मीळ होत होती. मग २०२३ च्या ऑक्टोबरात त्याच ग्रंथालयावर सायबर हल्ला झाला आणि त्याच्या ऑनलाइन सेवा, ध्वनिसंग्रहासकट, दीर्घ काळ विस्कळीत झाल्या. कितीही मोठी संस्था असली तरी प्रत एकाच ठिकाणी ठेवू नये. बोटीच्या मालकाकडे एक, संग्रहालयाकडे एक, राष्ट्रीय संग्रहात एक, आणि शक्य तर स्टॉकहोमकडेही एक, कारण हे इंजिन तिथले आहे.

आपल्याकडे

हे वाचताना महाराष्ट्रातल्या किंवा गोव्यातल्या वाचकाला विहिरीवरचे इंजिन आठवेल, याची मला खात्री आहे. ‘क्रूड ऑइल इंजिन’, हँडल मारून सुरू होणारे, भल्या मोठ्या चाकाचे. पिठाच्या गिरणीचे इंजिन, ज्याचा पुक्-पुक् आवाज सांगायचा की गिरणी सुरू झाली, डबा घेऊन या. हे नाते नुसते आठवणीतले नाही. ज्या लिस्टर कंपनीची इंजिने इंग्लंडच्या कालव्यांवर चालली, तिच्याच जाड फ्लायव्हीलच्या, मिनिटाला ६५० फेऱ्यांच्या मंद इंजिनाच्या प्रतिकृती राजकोटमध्ये बनत राहिल्या. इंग्लंडमध्ये त्या इंजिनाचे उत्पादन थांबल्यावर तिथल्या हौशी लोकांनी त्या भारतातून मागवल्या. पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ साली सुरू झाली आणि तिची इंजिने शेतोशेती पोहोचली. वीज आली तसतशी ती बंद पडली, भंगारात गेली. काही गोठ्याच्या कोपऱ्यात अजून आहेत, आणि त्यांना हँडल मारणारे आजोबा, मामा, गिरणीवाले काकाही आहेत. त्यांच्याकडचे काम ‘प्रेसिडेंट’पेक्षा सोपे आहे, कारण एका इंजिनाला दोन जन्म नाहीत. फक्त पाणी खेचताना, म्हणजे पंपाच्या भाराखाली, ते टिपायला हवे, आणि हँडल मारणाऱ्याचे बोलणे सोबत हवे.

पुढे काय

‘प्रेसिडेंट’कडे परत येऊन, मला तातडीचे वाटते ते काम असे. ‘प्रेसिडेंट’ पूर्ण वाफेवर, मागे बटी बांधून, एका ठरलेल्या टप्प्यावरून न्यावी : एक लॉक, एक पूल आणि दोहोंमधले मोकळे पाणी. त्याच आठवड्यात, त्याच हवेत, त्याच कंपनीची बोलिंडर बोट तेवढ्याच भाराने त्याच टप्प्यावरून न्यावी. मायक्रोफोनच्या जागा आणि पातळी तीच. वाफ आणि तेल शेजारी शेजारी ऐकता आले की १९२५ साली या बोटीवर, तिच्या माणसांवर आणि काठावरच्यांवर नेमका काय बदल झाला, ते पहिल्यांदाच वाचून नव्हे तर ऐकून समजेल. दोन्ही बोटी आहेत, चालवणारी माणसे आहेत, कालवा आहे. परवानगी, थोडी वाळू आणि दोन दिवस एवढेच जमवायचे आहे, आणि ते चालकांच्या हातांत बळ आहे तोवर जमवायला हवे.